रंग बदलणारा, गाव बदलणारा बेडूक

दक्षिण आफ्रिकेच्या नैर्ऋत्य टोकाला, केप टाउनच्या मागे पसरलेल्या डोंगररांगांच्या पायथ्याशी सफरचंदाच्या बागा आणि द्राक्षमळे आहेत. जवळपास प्रत्येक बागायतदाराने सिंचनासाठी आपल्या जमिनीत एक लहानमोठे तळे बांधून घेतले आहे. डिसेंबर-जानेवारी हे तेथील उन्हाळ्याचे महिने. अशा वेळी सूर्य मावळला की या तळ्यांच्या काठच्या गवतातून एक आवाज उठतो. आखूड, अणकुचीदार शीळ, सेकंदा-सेकंदाला एक. एकाने सुरुवात केली की दुसरा त्याला जोड देतो, मग तिसरा. आणि पाहता पाहता काचेची शेकडो भांडी एकमेकांवर किणकिणावीत तसा कल्लोळ उसळतो. लांबून तो मधुर वाटतो. तळ्याकाठी उभे राहिल्यास शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही.

हा आवाज करणारा प्राणी माणसाच्या अंगठ्याच्या एका पेरावर मावेल एवढा असतो. आणि विशेष हे की, तीन-साडेतीन दशकांपूर्वी या परिसरात तो नव्हताच. तो आला कोठून, कसा आला, आणि त्याचे स्वागत करावे की त्याला हुसकावून लावावे, हे प्रश्न दक्षिण आफ्रिकेच्या जीवशास्त्रज्ञांना गेली अनेक वर्षे सतावीत आहेत.

इंग्रजीत त्याला ‘पेंटेड रीड फ्रॉग’ म्हणतात. रीड म्हणजे पाणथळीत वाढणारे बोरू, देवनळ, पाणकणीस अशा जातीचे उंच गवत. त्याच्या काड्यांना चिकटून राहणारा तो रीड बेडूक. आणि ब्रशाने रंगवून काढल्यासारखा दिसतो म्हणून चित्ररंगी. शास्त्रीय नाव हायपरोलिअस मार्मोरेटस. यातील मार्मोरेटस म्हणजे संगमरवरासारखा, रेघारेघांचा. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ विल्हेल्म फॉन राप यांनी १८४२ मध्ये या बेडकाचे वर्णन केले आणि त्याच्यासाठी हायपरोलिअस ही नवी प्रजातीही निर्माण केली. आज या एका प्रजातीत सव्वाशेहून अधिक जाती मोजल्या जातात. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत जेथे म्हणून साचलेले पाणी आणि त्याच्या काठी गवत आहे, तेथे यांपैकी कोणी ना कोणी सापडतेच. या कुळातले काही बेडूक मादागास्करला पोहोचले, एक जात तर सेशेल्स बेटांवर आहे. भारतात मात्र या कुळाचा एकही प्रतिनिधी नाही. आंबोलीच्या पावसात दिसणारा हिरवागार उडता बेडूक पाहून कोणाला तो यांचाच भाऊबंद वाटला, तर तो केवळ दिसण्यातला सारखेपणा समजावा. त्याचे कूळ निराळे.

या बेडकाची ओळख पटविण्यात पहिली अडचण येते ती रंगाची. पुस्तकात एखादे चित्र पाहून कोणी तळ्याकाठी गेला, तर त्याची हमखास फसगत व्हावी. झिंबाब्वे आणि दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर भागात या बेडकाच्या अंगावर नाकापासून पार्श्वभागापर्यंत काळसर आणि पिवळट-पांढरे उभे पट्टे असतात. क्वाझुलू-नाताळच्या किनाऱ्याकडे आलो की पट्टे मोडून त्यांची नक्षी होते. आणखी दक्षिणेला ईस्टर्न केपमध्ये गडद अंगावर फिकट ठिपके उरतात. मांड्यांची आतली बाजू आणि बोटे मात्र बहुतेक ठिकाणी लालसर. बेडूक अंग आवरून बसला की हा लाल रंग दिसत नाही. उडी मारली की क्षणभर लखलखतो आणि पुन्हा लपतो. पाठलाग करणाऱ्याची नजर चुकविण्यास तो उपयोगी पडत असावा, असे मानतात.

हे कमी होते म्हणून की काय, एकाच तळ्यातले बेडूकही एकमेकांसारखे नसतात. पाण्यातून नुकतेच बाहेर आलेले पिल्लू साधे तपकिरी किंवा करडे असते. माद्या वयात आल्या की त्यांच्या अंगावर खरा रंगसोहळा सुरू होतो. नरांमध्ये मात्र दोन तऱ्हा: काही माद्यांसारखे रंगतात, तर काही वयात येऊनही पिल्लांचाच मातकट अंगरखा पांघरून राहतात. पक्ष्यांच्या जगात नटणे हे नराचे काम. मोराकडे पाहिले की पुरे. येथे नटते ती मादी. नर-मादीच्या रंगातला असा कायमचा फरक बेडकांच्या अगदी थोड्या जातींत आढळतो, आणि त्यांतला मोठा वाटा या आफ्रिकी रीड बेडकांचा आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत जनुकीय अभ्यासात असे दिसले की, ज्या वंशशाखांत हा रंगभेद आहे, त्यांत नव्या जाती निर्माण होण्याचा वेगही अधिक आहे. मादीने नटून नेमके काय साधले, यावर मात्र अजून एकमत नाही.

जुन्या अभ्यासकांना या रंगांनी किती छळले असेल याची कल्पना संग्रहालयांतील नोंदींवरून येते. प्रत्येक नवा नमुना नवी जात ठरत गेला. स्पिरिटच्या बरणीत रंग उडून जात असल्याने ते पुन्हा तपासण्याचीही सोय नव्हती. डॅनिश संशोधक आर्ने श्योट्झ यांनी १९७१ मध्ये या सर्व गोतावळ्याची एकत्र मांडणी करून, ही वेगवेगळ्या प्रदेशांत रंग पालटत गेलेल्या एकाच महाजातीची रूपे आहेत, अशी भूमिका घेतली. पुढे २००० च्या सुमारास डीएनए तपासणी आली आणि त्या एकीचे पुन्हा अनेक तुकडे झाले. वाद संपला असे म्हणता येत नाही. पण आता तो निदान बेडकाच्या पाठीवरच्या रेघा मोजून घातला जात नाही.

रंगाची खरी कमाल मात्र उन्हात दिसते. बेडूक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ओलसर, थंड, चिखलात दडून बसणारा प्राणी येतो. पातळ त्वचेतून सतत पाणी उडून जाते, म्हणून बेडकाने उन्हाला भ्यावे हा निसर्गनियमच. चित्ररंगी बेडूक मात्र भर दुपारी गवताच्या काडीवर उघड्यावर बसून राहतो आणि त्या वेळी पाहता पाहता खडूसारखा पांढरा होतो. पट्टे, ठिपके, सारे पुसले जाते. त्याची त्वचा इतर बेडकांच्या मानाने पुष्कळच कमी पाणी गमावते.

यामागील रहस्य उलगडले ते त्याच्या एका पश्चिम आफ्रिकी चुलतभावाच्या अभ्यासातून. जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग विद्यापीठाचे कार्ल एडुआर्ड लिन्सेनमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात आयव्हरी कोस्टच्या गवताळ प्रदेशातील हायपरोलिअस व्हिरिडिफ्लेव्हस या बेडकाचा पिच्छा पुरविला. तेथे पाऊस संपला की कित्येक महिने थेंब पडत नाही. मोठे बेडूक या काळात मरून जातात. पुढच्या पावसापर्यंत वंश टिकविण्याची जबाबदारी येते ती जेमतेम अर्ध्या ग्रॅमच्या पिल्लांवर. आपल्याकडचे बेडूक अशा वेळी जमिनीत गाडून घेतात. ही पिल्ले तसे काहीच करीत नाहीत. वाळलेल्या गवताच्या काडीला चिकटून, हातपाय पोटाखाली घट्ट घेऊन, ती नुसती बसून राहतात. सावली नाही, पाणी नाही, भोवती चाळीस अंशांहून अधिक तापमान.

ती जगतात कशी? बेडकाच्या त्वचेत आयरिडोफोर नावाच्या पेशी असतात आणि त्यांत प्रकाश परावर्तित करणाऱ्या अतिसूक्ष्म चकत्या रचलेल्या असतात. पावसाळ्यात या पेशींचा एक विरळ थर असतो. कोरड्या ऋतूत त्यांची संख्या वाढत जाते, थरावर थर चढतात, चकत्यांची मांडणी बदलते आणि अंगावर जणू आरशाचे चिलखत तयार होते. अंगावर पडणाऱ्या उन्हाचा मोठा भाग तेथूनच परत फिरतो.

पण त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे हे चिलखत कशाचे बनते. प्रथिने पचविताना शरीरात नत्रयुक्त टाकाऊ द्रव्ये तयार होतात. ती लघवीवाटे बाहेर टाकायची तर पाणी खर्च होणार, आणि पाणी तर एक थेंबही खर्चून चालणार नाही. मग या घाणीचे करायचे काय? हे पिल्लू तिचा काही भाग ग्वानीन आणि हायपोझँथिन या प्युरिन द्रव्यांत रूपांतरित करून त्वचेतच साठविते, आणि त्या आयरिडोफोरमधल्या चकत्या नेमक्या याच द्रव्यांच्या असतात. घरातला केर बाहेर टाकण्याची सोय नाही म्हणून त्याचेच छप्पर शाकारावे, असा हा प्रकार! एका समस्येला दुसरीचे उत्तर करून टाकण्याची ही हातोटी पाहिली की त्या अर्ध्या ग्रॅमच्या जिवापुढे हात जोडावेसे वाटतात.

याच चुलतभावाने आणखी एका कारणाने कीर्ती मिळविली. १९८९ मध्ये ग्राफे आणि लिन्सेनमायर यांनी असे नोंदविले की, त्यांच्याकडील बंदिस्त पैदाशीतील २४ माद्यांपैकी सात माद्या पुढे नर झाल्या; नुसत्या दिसण्यापुरत्या नव्हे, तर त्यांच्यापासून प्रजाही झाली. वाचकांना ‘ज्युरासिक पार्क’ हा चित्रपट आठवत असेल. १९९३ च्या त्या चित्रपटात सर्व डायनासोर मादीच असूनही अंडी कशी सापडतात, याचा खुलासा पश्चिम आफ्रिकेतील लिंग बदलणाऱ्या बेडकांच्या डीएनएने केला जातो. पटकथेत मात्र नराची मादी होते असे म्हटले आहे. प्रयोगशाळेत दिसले ते याच्या उलट. हॉलिवूडकडून एवढी चूक माफ असावी.

पुन्हा आपल्या चित्ररंगी बेडकाकडे, आणि त्याच्या त्या कल्लोळाकडे वळू. गाणारे सारे नर. अंधार पडला की प्रत्येक नर आपली काडी पकडतो, गळ्याची पिशवी स्वतःच्या डोक्याएवढी फुगवितो आणि शिट्या सुरू करतो. या पिशवीवर एक ग्रंथी असते. तिच्यात प्रत्येक जातीचे स्वतःचे वेगळे गंधमिश्रण असते, हे व्हिएन्नाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. म्हणजे हा बेडूक आवाज आणि वास एकाच पिशवीतून पाठवीत असावा. मादी या गोंगाटातून एका नराची निवड करते. ती अंधारात केवळ कानांच्या आधाराने नराचा ठाव घेते, आणि गवताच्या काड्यांवर वरखाली चढून त्याच्यापर्यंत पोहोचते. जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठातील नेव्हिल पॅसमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ध्वनिवर्धक निरनिराळ्या उंचीवर ठेवून हे सिद्ध केले होते.

मादी कोणाला निवडते? मोठ्याला, देखण्याला, की मोठ्या आवाजाच्या नराला? वर्षानुवर्षांच्या मोजणीतून निघालेले उत्तर काहीसे अरसिक आहे. तळ्यावर जो जास्त रात्री हजर राहतो, त्याची लग्ने जास्त होतात. हजेरी लावणे सोपे मात्र नाही. एवढ्याशा देहातून एवढा आवाज काढायचा म्हणजे शक्तीचा अतोनात व्यय. बहुतेक नर थोड्याच रात्री टिकतात. काही चतुर नर त्यातूनही वाट काढतात. ते गाणाऱ्याच्या शेजारी मुकाट्याने दबा धरून बसतात आणि त्याच्याकडे निघालेली मादी वाटेत गाठू पाहतात. जमलेली जोडी पाण्यात उतरते, आणि मादी पाण्याखालच्या वनस्पतींवर काहीशे अंडी लहान लहान पुंजक्यांनी चिकटवीत जाते. त्यांतली बरीचशी मासे खातात, बाहेर पडलेल्या पिल्लांवर कोळी, साप आणि पक्षी टपलेले असतात. हा हिशेब सर्वच बेडकांना लागू आहे.

आता मूळ प्रश्न. या बेडकाचे परंपरागत घर म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा पूर्व किनारा आणि त्याच्या उत्तरेकडील प्रदेश. तेथे पाऊस उन्हाळ्यात पडतो, आपल्या मोसमी पावसासारखा. वेस्टर्न केपचे हवामान नेमके उलटे. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. तेथील अनेक नैसर्गिक डबकी उन्हाळ्यात आटतात. उन्हाळ्यात प्रजनन करणाऱ्या प्राण्याला अशा मुलखात थारा मिळू नये. तरीही १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वेस्टर्न केपमध्ये हा बेडूक ठिकठिकाणी आढळू लागला, तोही त्याच्या जुन्या सीमेपासून सुमारे ५०० किलोमीटर पलीकडे.

हवामानबदलामुळे तो आपोआप पश्चिमेकडे सरकला, असे काहींचे म्हणणे पडले. माणसांनी त्याला नेले, असे इतरांचे. क्रिस्टल टॉली, सारा डेव्हिस आणि स्टीव्हन चाऊन यांनी २००८ मध्ये नव्या आणि जुन्या वस्त्यांतील बेडकांचे डीएनए ताडून पाहिले, तेव्हा दोन्ही पक्ष थोडेथोडे बरोबर निघाले. काही बेडूक जुन्या सीमेवरच्या शेजाऱ्यांचेच वंशज होते. काहींचे आप्त मात्र दूरच्या प्रदेशात सापडले. एवढे अंतर अंगठ्याएवढ्या बेडकाने उड्या मारीत कापणे अशक्य. रोपवाटिकेतून निघालेल्या पाणवनस्पती, कुंड्या किंवा ट्रकमधला माल अशा कशात तरी लपून त्याने प्रवास केला असणार. पानाला चिकटून तासन् तास न हलता बसणाऱ्या प्राण्याला फुकट प्रवासाची ही सोय आपसूकच लाभते.

पण पोहोचणे वेगळे आणि टिकणे वेगळे. तो टिकला तो बागायतदारांच्या तळ्यांमुळे. ही तळी हिवाळ्याच्या पावसात भरून घेतात, ती उन्हाळ्यात बागांना पाणी देता यावे म्हणून. म्हणजे निसर्गातली डबकी आटलेली असतात नेमक्या त्याच काळात ही मानवनिर्मित तळी भरलेली असतात, आणि त्यांच्या काठी गवतही माजलेले असते. डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, या बेडकाचा प्रसार शेततळ्यांच्या आधाराने झाला आहे. त्यांनीच २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आणली. वेगवेगळ्या तापमानात काही काळ ठेवल्यास हे बेडूक उष्णता-थंडी सोसण्याची आपली ताकद आणि शरीरातील चयापचयाचा वेग बदलून घेतात. पाणी गमावण्याचा वेग मात्र बदलू शकत नाहीत. थोडक्यात, नवे हवामान त्यांनी पचविले. तहानेवर त्यांना उपाय सापडलेला नाही. तो उपाय शेतकऱ्याने पुरविला.

येथे ‘परका’ या शब्दाचीच पंचाईत होते. हा बेडूक दुसऱ्या देशातून आलेला नाही. दक्षिण आफ्रिकेचाच नागरिक, पण दुसऱ्या कोपऱ्यात गेल्यामुळे उपरा ठरला. याच केप टाउनमध्ये कॉन्स्टान्शिया या उपनगरात २००० मध्ये गटरल टोड हा असाच देशांतर्गत उपरा भेक सापडला, तेव्हा तेथील दुर्मिळ लेपर्ड टोडच्या काळजीपोटी महापालिकेने २०१० पासून काही वर्षे तो गोळा करण्याची मोहीम चालविली होती. चित्ररंगी बेडकाच्या मागे कोणी असे हात धुऊन लागले नाही. तो देखणा आहे, लहान आहे आणि डास खातो, एवढी पुण्याई त्याला पुरली असावी. शिवाय प्रत्येक शेततळे धुंडाळणार कोण, हाही प्रश्न आहेच.

भारतीय वाचकाला हे प्रकरण दूरचे वाटू नये. पहिल्या पावसात कोकणातल्या शेतांत पिवळाधमक होऊन डरावणारा आपला मोठा बेडूक अंदमानात मूळचा नाही. माणसांबरोबर तो तेथे पोहोचला आणि या शतकाच्या आरंभापासून वेगाने पसरला. स्टेलनबॉश विद्यापीठात संशोधन करणारे नित्य प्रकाश मोहंती यांनी जॉन मीझी यांच्यासमवेत त्याचा अभ्यास केला. त्याची भैरी बेडकाची पिल्ले, म्हणजे डिंभ, स्थानिक बेडकांचे डिंभ फस्त करतात, असे त्यांना आढळले. मुख्य भूमीवर ज्याला आपण शेतकऱ्याचा मित्र म्हणतो, तोच बेटावर उपद्रवी. नकाशावर देश एक असला, तरी बेडकाच्या लेखी तो एक नसतो.

केपमधल्या स्थानिकांपैकी सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे ॲरम लिली फ्रॉग, शास्त्रीय नावाने हायपरोलिअस होर्स्टोकी. तोही रीड बेडूकच. फिकट मलईच्या रंगाचा. दिवसा तो ॲरम लिलीच्या पांढऱ्या, द्रोणासारख्या फुलात बसतो आणि फुलाच्या रंगात बेमालूम मिसळून जातो. केपच्या किनारपट्टीवरच्या सखल पाणथळींपलीकडे त्याला जगात घर नाही, आणि शहरांच्या वाढीत तीच किनारपट्टी आक्रसत आहे. आता काही पाणथळींत त्याच्या शेजारी हा पट्टेरी पाहुणा गाऊ लागला आहे. दोघांची एकाच काडीसाठी, एकाच किड्यासाठी स्पर्धा होणार का, आणि पाहुण्याच्या कल्लोळात यजमान मादीला आपल्या नराची क्षीण साद ऐकू येणार का, हे तपासण्याचे काम अभ्यासकांपुढे आहे.

विरोधाभास असा की, याच चित्ररंगी बेडकाच्या मूळ प्रदेशात, क्वाझुलू-नाताळच्या किनाऱ्यावर, त्याचा एक भाऊ जीव मुठीत धरून आहे. पिकर्सगिलचा रीड बेडूक समुद्रकिनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्ट्यातील मोजक्या दलदलींत उरला आहे. ऊसशेती आणि डर्बन परिसरातील बांधकामे यांनी त्याची घरे गिळली. मादी झळझळीत हिरवी, नर तपकिरी. त्याचा आवाज इतका क्षीण असतो की, इतर बेडूक गात असतील तर तो तळ्यात आहे की नाही हेच कळत नाही. जोहान्सबर्ग प्राणिसंग्रहालयाने त्याची बंदिस्त पैदास यशस्वी केली, आणि २०१७ मध्ये सरकारने त्याच्या संवर्धनाचा आराखडा राजपत्रात प्रसिद्ध केला. बेडकासाठी त्या देशात असा आराखडा पूर्वी कधी झाला नव्हता.

त्यानंतर पैदास केंद्रातले बेडूक क्वाझुलू-नाताळच्या पाणथळींत नेऊन सोडण्यात आले. तेथे त्यांच्या आधी येऊन बसलेले आणि रात्रभर शिट्या घालणारे शेजारी पुष्कळ ठिकाणी चित्ररंगी बेडूकच असतात.